चटकापूरचा सहावा चोर

कूलरच्या ताट्यांतले गेल्या वर्षीचे गवत काढून नवा वाळा भरला, टाकीत पाणी सोडले आणि मोटार सुरू केली, की पहिल्याच ओल्या झोताबरोबर तो वास घरभर पसरतो. भूगोल शिकवणाऱ्या बाईने ऋतूची ओळख वासावरून करून घेऊ नये, हे मला कळते. त्यासाठी तापमान आहे, वायुभार आहे, वाऱ्याची दिशा आहे. एकतीस वर्षे मी मुलांना तेच शिकवले. तरीही नागपूरच्या मनीषनगरातल्या या तिसऱ्या मजल्यावर वाळ्याचा वास आला, की माझ्या लेखी मे महिना लागतो, मग भिंतीवरचे कॅलेंडर काहीही म्हणो. आणि मे लागला, की मला बारा वर्षांपूर्वीची शाळेतली नकाशांची खोली आठवते, तिच्यात बसलेली पाच नापास मुले आठवतात आणि त्यांनी माझ्यावर केलेले उपकार आठवतात.

उपकार हा शब्द मी विचार करून वापरते आहे. शिक्षकांवर विद्यार्थ्यांचे उपकार असतात, असे निरोपसमारंभात म्हणायची पद्धत आहे. ते मी तेव्हा म्हटले नव्हते, आता म्हणते.

यंदा त्या आठवणीला निमित्तही झाले. वाळा भरला त्याच दिवशी कुरियरने एक जाड पुस्तक आले. मुखपृष्ठावर तळपते आकाश, एक उंच तट आणि तटाखाली उभी असलेली पाच माणसे. चित्रकाराने त्यांच्या पायाशी सावली काढलेली नाही. दुसऱ्या कोणाला ती चित्रकाराची चूक वाटेल. मी मात्र चष्मा पुसून पुन्हा एकदा पाहिले आणि पुस्तक बराच वेळ तसेच मांडीवर धरून बसले.

आमच्या शाळेत नववीच्या निकालानंतर जूनमध्ये पुनर्परीक्षा होत असे. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. त्याच्या आधी ती उरकायची. तीत जो उत्तीर्ण होईल तो दहावीत. जो होणार नाही, त्याच्या पालकांना कार्यालयात बोलावून, खुर्ची देऊन, माठातले पाणी देऊन, अत्यंत आदराने शाळा सोडल्याचा दाखला हातात ठेवायचा. दहावीचा निकाल चांगला लागावा म्हणून नववीत ही चाळणी लावली जाते, हे सर्वांना ठाऊक होते आणि कोणी बोलत नव्हते. मीही बोलत नव्हते. उलट, पुनर्परीक्षेच्या तयारीसाठी मेमध्ये चालणाऱ्या उन्हाळी वर्गाला जो सलग पाच दिवस गैरहजर राहील त्याला परीक्षेला बसता येणार नाही, हा नियम मीच सुचवला होता. मला शिस्त आवडे.

वर्गखोल्यांना रंग देणे चालू होते, म्हणून त्या पाच जणांना मी नकाशांच्या खोलीत बसवले. भिंतींना टेकून गुंडाळलेले खंड उभे होते. कपाटावर एक पृथ्वीगोल होता, त्याला आफ्रिकेजवळ पोचा आलेला होता. खिडकीत एक कूलर होता आणि तो चालू असूनही खोलीत घामाच्या धारा लागत. पहिल्याच दिवशी तेजस उठून त्याच्याजवळ गेला. तेजस बोलताना अडखळे, म्हणून तोंडी परीक्षांत त्याला शून्य मिळे; पण बंद पडलेली कोणतीही वस्तू तो उघडून नीट जोडी.

"मॅडम, हा पंखा उ-उलटा फिरून राहिला," तो म्हणाला.

त्याने मागच्या दोन तारांची अदलाबदल केली आणि थंड झोत आत आला. म्हणजे चार उन्हाळे आम्ही त्या कूलरसमोर बसून बाहेरची मेंदीची कुंपणे थंड करत होतो. शाळेतल्या एकाही पदवीधराच्या ते लक्षात आले नव्हते.

रोशन आणि रोहित हे जुळे भाऊ. एकाने दुसऱ्याचे पाहून लिहिले होते आणि दुसऱ्याचे चुकले होते. दर्शना खेड्यातून बेसाला मामाकडे शिकायला आलेली. तिचे कोणाशी भांडण झाले नाही असा दिवस जात नसे, आणि नीट चौकशी केली तर बहुतेक वेळा तीच बरोबर निघे. पाचवी प्रणाली. तिचे वडील कामठीला यंत्रमागावर काम करत. ती शेअर ऑटोने येई, शेवटच्या बाकावर बसे आणि मान खाली घालून सतत लिहीत राही. ती टिपणे काढते, असे मला वाटे. एके दिवशी मी मागून जाऊन पाहिले. टिपणे भूगोलाची नव्हती. मी वही जप्त केली.

दोनशे पानी वही होती. पहिली दहा पाने अक्षवृत्ते आणि रेखावृत्ते. पुढे सगळे चटकापूर. या शहराच्या राजाने प्रजेची सावली जप्त केली आहे: झाडांची, घरांची, माणसांची. सावल्या कापून, साड्यांसारख्या घडी घालून, पेट्यांत भरून त्याने किल्ल्यातल्या कोठारात ठेवल्या आहेत. शहर भाजून निघते आणि दरबारी लोक परक्यांच्या सावल्या पांघरून झोपतात. ज्यांना शहराने हाकलून दिले आहे असे पाच जण ते कोठार फोडायला निघतात. त्यांत एक मुका आहे, तो फक्त कुलपांशी बोलतो. दोन भाऊ आहेत, त्यांना मिळून एकच सावली उरली आहे, ती ते पाळीपाळीने वापरतात. एक भांडखोर मुलगी आहे, तिच्या आवाजाने तटाचे दगड सैल होतात. आणि एक विणकर मुलगी आहे, जिला सावलीचा ताणा आणि बाणा वेगळा करता येतो.

मी त्या दुपारी जेवायची थांबले आणि सगळे वाचून काढले. मला ते फार आवडले, हे आज लिहिते. त्या दिवशी मात्र माझ्या हातात लाल पेन होते. मला त्याशिवाय वाचता येत नसे. त्याला मी काटेकोरपणा समजत होते. 'किल्ला शहराच्या कोणत्या दिशेस?' 'तटाची उंची लिहा.' 'नदी तिसऱ्या प्रकरणात पूर्वेस वाहते, सातव्यात पश्चिमेस.' चोरी मध्यरात्री होणार होती, तिथे मी दुहेरी रेघ ओढली: 'रात्री सर्वत्रच सावली असते. मग चोरणार काय? विचार करा.' आणि शेवटी, सवयीप्रमाणे, 'कल्पना बरी. मांडणीकडे लक्ष द्यावे. पाहिले.' खाली सही.

दुसऱ्या दिवशी वही परत दिली. प्रणालीने चार पाने उलटली, वही मिटली, दप्तरात ठेवली. ती रडली नाही, रागावली नाही. त्यानंतर ती आलीच नाही.

तिसऱ्या गैरहजेरीच्या दिवशी दर्शना उभी राहिली.

"मॅडम, तुमी तिची वही तपासली काहून? ती काय परीक्षेची होती?"

"दर्शना, नीट बोल."

"नीटच बोलून राहिली मी. आमी सगळे हाव न त्या वहीत. तुमी आमालेच लाल करून टाकलं."

"सुटीत आमी वही पाह्यली. मी मरतो त्या पानावर मॅडमनं 'परिच्छेद पाडा' लिहिलं," रोशन म्हणाला.

"तू नाही बे, मी मरतो त्याच्यात," रोहित म्हणाला. "तू रडतं."

मी त्यांना गप्प बसवले आणि फळ्याकडे वळले. फळ्यावर काय लिहायचे होते ते आठवेना.

चौथ्या दिवशीही ती आली नाही, तेव्हा वर्ग सुटल्यावर मी कामठीला निघाले. नवतपा, मेअखेरचे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, नुकताच लागला होता. तोंडाला दुपट्टा गुंडाळला, पर्समध्ये कांदा टाकला. ऊन लागू नये म्हणून आमच्याकडे कांदा जवळ ठेवतात. त्याला शास्त्रीय आधार नाही असे मी वर्गात सांगत असे आणि स्वतः कधी विसरत नसे. कामठीला उतरले तेव्हा गल्लीत चिटपाखरू नव्हते. एका पत्र्याच्या शेडमधून मागांचा खडखडाट येत होता. प्रणालीच्या वडिलांनी मला दारात पाहिले आणि माग बंद केला. एकदम इतकी शांतता झाली, की माझ्याच श्वासाचा आवाज मला ऐकू आला.

"या या, मॅडम! एवढ्या उन्हाच्या कायले आल्या तुमी? वं प्रणाली, पन्हं आण मॅडमले." मग खालच्या आवाजात, "पोरीनं शाळेत काही चूक केली काय?"

"नाही. मी केली," मी म्हणाले. हे वाक्य मी घरून ठरवून आणले नव्हते.

प्रणालीने पन्ह्याचा पेला माझ्यापुढे ठेवला आणि पुन्हा चाकाजवळ बसून सुताच्या कांड्या भरू लागली.

"उद्या ये," मी म्हटले. "उद्याही आली नाहीस, तर परीक्षेला बसता येणार नाही. दाखला मिळेल."

"माहीत हाय मले."

"मग?"

ती चाक फिरवत राहिली. "मॅडम, ते पाच जण सगळ्यायनं हाकललेले होते. म्हणून ते माहे होते. आता पानापानावर तुमचं लिहिलेलं हाय. आता ते शाळेचे झाले. शाळेतल्या माणसायनं कोठार कसं फोडावं?"

"वं पोरी, मॅडमले असं बोलतात काय?" वडील म्हणाले.

"बोलू द्या," मी म्हटले. "लाल शाई पुसता येत नाही, प्रणाली. दुसरे काय करता येईल, ते तू सांग."

तिने हातातली कांडी पूर्ण भरली, दोरा तोडला, कांडी टोपलीत टाकली. मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले.

"तुमी एक प्रकरण लिवा. मी तपासतो."

वडिलांनी कपाळावर हात मारला. मी होकार दिला. ती येईन म्हणाली नाही, येणार नाही असेही म्हणाली नाही. मी कांद्यासह परत आले.

दुसऱ्या दिवशी सात वाजता मी हजेरीची वही उघडून बसले. चार नावांपुढे 'ह' लिहिला. पाचव्या नावापुढचा चौकोन रिकामा ठेवला. पेनाचे टोपण काढले, लावले. चौघे दाराकडे पाहत होते. साडेसातला मी हजेरी कार्यालयात पाठवत असे. तोही माझाच नियम. सात वाजून पंचवीस मिनिटांनी ती दारात उभी राहिली, घामाने निथळत.

"ऑटो भरूनच नव्हता राहिला, मॅडम. सहा सीटा झाल्याशिवाय तो हालत नाही."

मी चौकोनात 'ह' लिहिला. तो इतका वाकडा आला, की पुढे शाळेने तपासणी केली तेव्हा मला त्याचा खुलासा विचारला गेला.

प्रकरण मी दोन संध्याकाळी लिहिले. बारा पाने. पाचांना वाट दाखवणारी एक नकाशेवाली मी त्यात आणली. तटाची उंची, पहारेकऱ्यांच्या पाळ्या, बुरुजांमधील अंतर, सगळे दिले. सोबत प्रमाणबद्ध नकाशा जोडला, दिशादर्शक बाणासह. प्रणालीने ते घरी नेले आणि निळ्या पेनाने तपासून आणले. समासात जवळजवळ काही नव्हते. शेवटी लिहिले होते: 'माहिती चांगली. यात कोणी घाबरत नाही. ३/१०. पुन्हा लिहा.'

उत्तीर्ण व्हायला साडेतीन लागतात.

"मॅडम नापास!" जुळ्यांनी बाक वाजवला.

"दा-दाखला घेऊन जा, मॅडम," तेजस म्हणाला, आणि इतका हसला, की त्याला बाकाला धरावे लागले.

"हसता कायले?" दर्शनाने त्यांना दटावले आणि आपल्या बाकावर सरकून जागा केली. "बसा, मॅडम. आता तुमीबी आमच्यातल्याच."

मी बसले. त्या बाकावरून फळा कसा दिसतो, हे मी तोपर्यंत पाहिले नव्हते. खिडकीतल्या उन्हाची तिरीप फळ्याच्या डाव्या भागावर पडते आणि तिथे लिहिलेले एक अक्षरही वाचता येत नाही. मी नेहमी डावीकडूनच सुरुवात करत असे.

मध्यरात्रीच्या प्रश्नाचे उत्तरही त्याच आठवड्यात मिळाले. विषुववृत्त आणि कर्कवृत्त यांच्या दरम्यानच्या गावांवर वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. नागपूर एकवीस अंशांवर आहे. आपली पहिली पाळी मेच्या अखेरीस येते, तेव्हा काही क्षण उभ्या वस्तूला सावलीच राहत नाही. हे मी दरवर्षी फळ्यावर सांगत असे, बहुधा डाव्या भागावर. त्या वर्षी मुलांना बारापर्यंत थांबवून घेतले आणि मैदानावर नेले. तेजसने जमिनीत लोखंडी पाइप ओळंब्याने सरळ रोवला. आम्ही सहा जण ध्वजस्तंभाच्या आसपास उभे राहिलो. बारा वाजून गेले. पाइपची सावली बोटभर उरली, नखाएवढी झाली, मग पाइपच्याच बुडात शिरली.

रोशनने स्वतःभोवती फेरी मारली. "माही कुठं गेली बे?"

"माह्याजवळ नाही," रोहित म्हणाला. "आज तुही पाळी होती."

प्रणाली ध्वजस्तंभाच्या बुंध्याकडे पाहत होती. किल्ल्यात चाळीस खोल्या होत्या आणि कोठार कोणते, हे तिच्या चोरांना कळत नव्हते, कारण राजाच्या किल्ल्यात सगळ्याच भिंतींना सावली होती. ती हळू म्हणाली, "मॅडम, म्हणजे या टायमाले त्या भिंतीयचीबी सावली नसन. पहारेकऱ्यायचीबी नसन."

"नसेल."

"मग ज्या दाराखालून सावली बाहेर येऊन राहिली असन, तेच कोठार."

माझ्या डोक्यावर सूर्य होता, पाय भाजत होते, आणि मला एवढा आनंद झाला, की मी भर मैदानात टाळी वाजवली. भूगोलाच्या धड्याचे इतके पूर्ण उत्तर मला कोणी दिले नव्हते. ते कोणत्याही प्रश्नपत्रिकेत बसणारे नव्हते.

पुनर्परीक्षेत पाचही जण उत्तीर्ण झाले. प्रणालीला भूगोलात बेचाळीस मिळाले. दर्शना गणितात काठावर सुटली आणि तो एक गुण कोणत्या पायरीचा, यावरून परीक्षकांशी भांडून आली. जुळ्यांचे गुण वेगवेगळे आले, याचे आम्हां सर्वांना विशेष वाटले. कार्यालयात पाच दाखले लिहून तयार होते. ते कपाटात परत गेले. शाळा उघडल्यावर शिक्षकसभेत मी पाच दिवसांचा नियम मागे घ्यावा असे म्हटले. कारण विचारले गेले. 'कामठीचा ऑटो सहा सीटा भरल्याशिवाय निघत नाही,' असे मी सांगितले. कोणाला कळले नाही. पण नियम गेला.

पुढची वर्षे मी उत्तरपत्रिका लालच पेनाने तपासल्या. फक्त पहिली ओळ लिहिण्याआधी फळ्याचा उजवा भाग पुसू लागले, आणि उपस्थितीचा चौकोन रिकामा दिसला, की ओळखीच्या रिक्षावाल्याला आधी फोन करू लागले. एवढाच फरक. तरी तो मला त्या पाच जणांनी दिला, आणि दिला तोही मला नापास करून. त्याहून मोठी गुरुदक्षिणा कोणी कोणाला दिली असेल, असे वाटत नाही.

बारा पानांचे ते प्रकरण मात्र मी पुन्हा लिहिले नाही. आधी परीक्षा होती, मग शाळा उघडली, मग निवृत्ती आली. पाचांनी पुनर्परीक्षा दिली. सहावी उमेदवार अनुपस्थित राहिली.

प्रणाली आता बेसाला राहते, नोकरी करते आणि कामावर जाण्याआधी लिहिते. तिचे पुस्तक मी तीन दिवसांत वाचले, पेन दुसऱ्या खोलीत ठेवून. पहिल्या पानावर तिने हाताने लिहिले आहे: 'मॅडम, नदी आता सगळीकडे पूर्वेलाच वाहते. पाहून घ्या.' मी पाहिले. वाहते. किल्ला नैर्ऋत्येस आहे, तटाची उंची दिली आहे, चोरी भर दुपारी होते आणि दाराखालून सावलीची एक बारीक धार बाहेर येते. मुका कुलपाशी बोलतो. भाऊ मरत नाही. तेवढी दुरुस्ती जुळ्यांनी करून घेतली असावी.

आणि नकाशेवाली आहे. म्हातारी, करारी, प्रत्येक भिंतीचे माप तोंडपाठ असलेली. अकराव्या प्रकरणाला तिचे नाव दिले आहे. त्याखाली दोन पाने कोरी आहेत आणि तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ: 'हे प्रकरण नकाशेवालीने अजून लिहून दिलेले नाही.' मला वाटले, माझ्या प्रतीत छपाईचा दोष आहे. खात्री करावी म्हणून दर्शनाला फोन लावला.

"सगळ्याच पुस्तकायत कोरं हाय ते, मॅडम," ती म्हणाली. "तुमची पुनर्परीक्षा बाकी हाय न. बारा वर्षं झाली, आता तरी लिवा!"

आज कूलर चालू आहे, वाळ्याचा वास आहे, बाहेर ऊन पांढरे पडले आहे. मी ती दोन पाने समोर उघडून बसले आहे. लाल पेन घेतलेले नाही. तटाची उंची मला ठाऊक आहे, पहाऱ्याच्या पाळ्या ठाऊक आहेत, पण त्यांचे काम नाही. नकाशेवाली केव्हा घाबरली होती, हे तपासणाऱ्या मुलीला त्या वेळी सांगायचे राहून गेले, आणि तेवढेच तिने विचारले होते.

सात वाजून दहा मिनिटे झाली होती, असे मी लिहिले, हजेरीचा पाचवा चौकोन रिकामा होता आणि ती अजून आली नव्हती.